शास्त्रातला 'करार' कसा वाचावा: एका बाँडरायटरची पद्धत

दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टेबल टाकून बसतो त्याला एकतीस वर्षं झाली. साठेखत, खरेदीखत, भाडेकरार, हक्कसोडपत्र, किती कागद हाताखालून गेले त्याची मोजदाद नाही. त्याहून जुनी सवय म्हणजे सकाळी चहाच्या आधी पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, एक अध्याय. अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब १८५२ साली कोल्हापुरात आले; त्यांच्यामागून इथं जी ख्रिस्ती मंडळी उभी राहिली तिच्यात आमचे पणजोबा होते. म्हणजे 'जुना करार' आणि 'नवा करार' हे शब्द मी अक्षरओळख झाल्यापासून वाचतोय, आणि पोटासाठी रोज करारच टाइप करतोय. तरी शास्त्रातला करार आणि टेबलावरचा करार यांची एकमेकांशी गाठ पडायला माझी पन्नाशी उलटली. ती पडल्यावर वाचण्याची पद्धतच बदलली. गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरी सात-आठ जण वाचायला बसतात. त्यांना जसं सांगतो तसंच इथं लिहितो.

लागणारं सामान थोडं आहे. शास्त्र, शंभर पानी वही, पेन्सिल. पेनानं खुणा करू नका, कारण पहिल्या वाचनातल्या निम्म्या खुणा दुसऱ्या वाचनात पुसाव्या लागतात. वेळ रोज वीस मिनिटं, सहा आठवडे.

सुरुवात उत्पत्तीपासून करू नका. यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक काढा, बत्तिसावा अध्याय. तिथं एक खरेदीखत आहे. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्यानं यरुशलेमेला वेढा घातलाय, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत आहे, आणि चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं शेत तू घे, सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. वेढ्याच्या दिवसांत शेत कोण घेईल? यिर्मया घेतो. सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, खत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या होतात. दोन प्रती: एक मोहोरबंद, एक उघडी. त्या तो आपला लेखनिक बारूख याच्या हाती देतो आणि मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असं परमेश्वराचं वचन त्याच्याकडं असतं. हा अध्याय आधी वाचायचं कारण असं की 'करार' हा शब्द आपल्या मनात नुसता धार्मिक होऊन बसलेला असतो, हवेत तरंगतो. बत्तिसावा अध्याय त्याला जमिनीवर आणतो. ही माणसं कागद करणारी होती, साक्षीदार उभे करणारी होती. देवाशी असलेलं नातं त्यांनी याच भाषेत मांडलं.

आता पद्धत. प्रत्येक करारापुढं वहीचं एक पान घ्या आणि आम्ही दस्त तपासताना जे बघतो तेच बघा. लिहून देणार कोण, लिहून घेणार कोण? आधीची हकीकत काय? अटी कोणत्या? साक्षीदार कोण? आणि मोडला तर काय? निर्गम १९ ते २४ आणि सगळं अनुवाद (हे पुस्तकाचं नाव, भाषांतर नव्हे) या पाच प्रश्नांवर उघडत जातं. त्याला आधार आहे. हित्ती (आजच्या तुर्कस्तानातल्या) राजांनी मांडलिकांशी केलेले तह मातीच्या विटांवर सापडलेत, इसवी सनापूर्वी चौदाव्या-तेराव्या शतकातले. त्यांची मांडणी अशीच: राजाची ओळख, पूर्वी त्यानं काय उपकार केले त्याची हकीकत, अटी, दस्त कुठं ठेवायचा, साक्षीला देव, शेवटी आशीर्वाद आणि शाप. जॉर्ज मेंडेनहॉल या अभ्यासकानं १९५४ साली हे तह आणि सीनाय डोंगरावर देवानं इस्राएलाशी केलेला करार शेजारी शेजारी ठेवून दाखवले. पुढच्याच वर्षी इराकमधल्या निमरूदला अश्शूरचा राजा एसर-हद्दोन याचे इ.स.पू. ६७२चे तह सापडले. त्यांतले काही शाप अनुवाद २८ शी इतके जुळतात की वाचताना अंगावर काटा येतो.

पाचांतला सगळ्यात जास्त वेळ दुसऱ्या प्रश्नाला द्या. आधीची हकीकत. आमच्या दस्तात 'सदर मिळकत लिहून देणार यांच्या मालकी वहिवाटीची असून' इथपासून जो मजकूर येतो तो पक्षकार कधी वाचत नाहीत, थेट रकमेवर जातात. शास्त्र वाचतानाही हीच घाई नडते. दहा आज्ञा तोंडपाठ असलेल्याला विचारा, पहिलं वाक्य काय? तो म्हणेल, 'माझ्याखेरीज तुला दुसरे देव नसावेत.' नाही. पहिलं वाक्य निर्गम २०:२ (विसावा अध्याय, दुसरं वचन) आहे: मी तुला मिसरातून (इजिप्तमधून), गुलामीच्या घरातून बाहेर काढलं. आधी सुटका, मग आज्ञा. आज्ञा पाळली म्हणून सुटका झाली नाही. या एका वाक्याखाली पेन्सिलीनं दोन रेघा ओढा. पुढं जिथं जिथं 'आज्ञाभंग' म्हटलं जाईल तिथं तिथं या वाक्याकडं परत यायचं आहे. नियम मोडण्याच्या आधी ही हकीकत विसरलेली असते.

शब्बाथाचं, म्हणजे सातव्या दिवसाच्या विसाव्याचं, बघा. निर्गम २० मध्ये कारण दिलंय की देवानं सहा दिवसांत सृष्टी केली. अनुवाद ५:१५ मध्ये तीच आज्ञा, पण कारण वेगळं: तू मिसरात दास होतास याची आठवण ठेव. म्हणून तुझा दास, दासी, बैल, गाढव, तुझ्या वेशीतला परका, सगळे विसावा घेतील. ज्यानं वेठ भोगली त्यानं दुसऱ्याला वेठीला धरायचं नाही. अट हकीकतीतून निघते, ती अशी.

साक्षीदारांचा प्रश्न लहान आहे पण सोडू नका. अनुवाद ३०:१९ मध्ये मोशे आकाश आणि पृथ्वी यांना साक्षीला ठेवतो. आता यशयाचं पहिलं पान उघडा. पहिलीच हाक: आकाशा, ऐक, पृथ्वी, कान दे. संदेष्टा साक्षीदारांना पुकारतोय, कारण करार मोडलाय आणि सुनावणी सुरू झालीय. हे कळेपर्यंत मला संदेष्टे म्हणजे रागावलेली म्हातारी माणसं वाटायची. ते करारातली कलमं हातात घेऊन उभे आहेत.

पक्षकार कोण, या प्रश्नावर आमच्या बैठकीतल्या नर्सताईंनी एकदा अडवलं. 'काका, हा करार त्या लोकांशी झाला. आपला काय संबंध?' मी त्यांना अनुवाद २९:१४-१५ वाचायला दिलं: आज इथं उभ्या असलेल्यांशीच नव्हे, आज इथं नसलेल्यांशीही. आमच्या प्रत्येक दस्तात हे असतंच, 'लिहून देणार व त्यांचे वारस यांच्यावर बंधनकारक'. बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडच्या मराठी यहुदी, लोकांनी १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या (मिसरातून सुटकेच्या सणाच्या) रात्रीचं पुस्तक मराठी अर्थासह छापलं. त्या रात्रीच्या पाठात सांगितलेलं असतं की प्रत्येक पिढीतल्या माणसानं आपण स्वतःच मिसरातून बाहेर पडलो असं मानावं. वारसाचं कलम आहे हे, जेवणाच्या ताटावर बसून म्हटलेलं.

आता 'पाळणं' आणि 'मोडणं' या शब्दांकडं. इथं मराठी वाचणाऱ्याचं नशीब मोठं आहे. हिब्रूत 'शमा' म्हणजे ऐक, आणि त्याच शब्दात 'मान, पाळ' हाही अर्थ. अनुवाद ६:४ या शब्दानंच सुरू होतं. आपल्याला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. 'आमचं पोरगं ऐकत नाही' असं आई म्हणते तेव्हा कान तपासायला कुणी नेत नाही. तालमीत वस्तादाचं ऐकणं म्हणजे काय, ते कोल्हापुरात शाळकरी पोराला कळतं. म्हणून शास्त्रात 'ऐक' आलं की नुसतं कानानं ऐकू नका. आणि निर्गम २४:७ हिब्रू क्रमानं वाचा: लोक म्हणतात, आम्ही करू आणि ऐकू. आधी करू! यहुदी गुरूंनी या उलट्या क्रमावर शतकानुशतकं विचार केलाय. हुकूम पुरता समजायच्या आधीच शब्द दिला. 'आमेन' आणि 'विश्वासूपण' हेही हिब्रूत एकाच धातूचे शब्द आहेत, पक्कं टिकून राहणं या अर्थाचे. वहीत हे एका ओळीत टिपून ठेवा.

हे झालं की उत्पत्ती १५ ला जा. हा अध्याय समजायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा मेंढा कापून अर्धे अर्धे समोरासमोर मांडलेत. होला आणि पारव्याचं पिल्लू मात्र कापलेलं नाही. घारी-गिधाडं येतात, अब्राम हाकलत बसतो. हिब्रूत करार 'कापतात'. कापलेल्या जनावरामधून चालत जायचं, म्हणजे मी शब्द मोडला तर माझं असं होवो. हा अर्थ मी जोडत नाही, यिर्मया ३४:१८ मध्ये शास्त्रच तो सांगतं. आपल्याकडं पूर्वी बेलभंडार उचलून शपथ घेत, तशी ही गंभीर गोष्ट. आता बघा काय होतं. सूर्य मावळतो, अब्रामाला गाढ झोप लागते, आणि त्या तुकड्यांमधून एक धुराची भट्टी आणि जळती मशाल पुढं जाते. अब्राम जात नाही. माझ्या टेबलावर असं झालं तर मी दस्त परत करीन: एकच पक्ष हजर, दुसरा झोपलेला. शापाची जबाबदारी देव एकट्यानं अंगावर घेतोय. पानाच्या मधोमध रेघ ओढा आणि उजवीकडं निर्गम २४ लिहा, तिथं लोक 'आम्ही करू' म्हणतात आणि रक्त अर्धं वेदीवर, अर्धं लोकांवर शिंपडलं जातं. एकात देव बांधून घेतो, दुसऱ्यात लोकही बांधले जातात. पुढचं सगळं शास्त्र, राजांची पुस्तकं, संदेष्टे, पौलाची पत्रं, या दोन रकान्यांच्या ताणात उभं आहे. एक रकाना खोडून दुसरा ठेवू नका. तसं करून सोपं वाटतं, पण मग होशेय संदेष्ट्याचं पुस्तक वाचता येत नाही.

शास्ते या पुस्तकातलं मोडणं-पस्तावणं-सुटका हे चक्र (अध्याय २), सोन्याचं वासरू, शोमरोनाच्या पतनावरचा २ राजे १७ हा अध्याय, हे वाचा, पण भराभर. मोडण्याचा नेमका चेहरा बघायचा तर यिर्मया ३४ वर थांबा.

वेढा पडलाय. सिद्कीया राजा यरुशलेमेच्या लोकांशी करार करतो की प्रत्येकानं आपल्या इब्री दास-दासींना मोकळं करावं. सातव्या वर्षी सोडायचं हे नियमशास्त्रात होतंच, कुणी पाळलं नव्हतं. आता भीतीनं पाळतात. मंदिरात, वासराच्या दोन भागांमधून चालत जाऊन. मग मिसरचं सैन्य निघाल्याची बातमी येते, बाबेलचे लोक वेढा उठवून जातात. आणि ही माणसं सोडलेल्या गुलामांना परत धरून आणतात.

ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेलेली. शाहूपुरीकडं एका मूर्तिकाराचा भाड्याचा गाळा होता. गणपती तोंडावर आलेले, अर्ध्या मूर्ती पाण्यात गेल्या. स्थलांतरितांना ठेवलेल्या हॉलमध्ये मी जेवणाची पाकिटं वाटत होतो, तेव्हा गाळ्याचे मालक तिथं आले आणि सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, 'सहा महिने भाड्याचं नाव काढू नका. आधी उभे राहा.' त्यांचंही घर पाण्यात होतं. त्या वेळी ते मनापासून बोलले होते, याबद्दल मला आजही शंका नाही. पाणी उतरलं. ऑक्टोबरात तेच मालक मूर्तिकाराला घेऊन माझ्या टेबलाशी आले. थकलेल्या भाड्याचं कबुलीपत्र करायचं होतं. त्यात एक वाक्य घालायला सांगितलं: भाडं माफ करण्याबाबत उभयतांत कोणताही तोंडी करार झालेला नाही. मी ते टाइप केलं. मूर्तिकारानं खाली बघत सही केली. मी माझी फी घेतली.

दोन आठवड्यांनी सकाळच्या वाचनात यिर्मया ३४ आला. वेढा उठताच दिलेला शब्द परत घेणारी माणसं. त्या दिवशी मला कळलं की करारभंग म्हणजे बहुतेक वेळा मूर्तीपुढं नाचणं नसतं. संकट टळल्यावर, ज्याला आवाज नाही त्याच्याशी बोललेलं विसरणं असतं. आणि देव त्या गुलामांना दिलेला शब्द स्वतःला दिलेला शब्द मानतो. माझ्या नावाच्या घरात माझ्यासमोर तुम्ही हा करार केलात, असं तो म्हणतो. त्या अध्यायात एका माणसाचा उल्लेख नाही, तो मला दिसला: ज्यानं गुलामांना परत घेतल्याचे कागद लिहून दिले असतील तो.

यहुदी लोक हा अध्याय कसा वाचतात ते जरूर बघा. सभास्थानात निर्गम २१ ते २४ हा भाग वाचला जातो त्या शब्बाथाला, तोरेनंतर (मोशेच्या पाच पुस्तकांतल्या वाचनानंतर) संदेष्ट्यांतला पाठ सहसा यिर्मया ३४ असतो. गुलाम सोडायच्या कायद्यानं सुरू होऊन कराराच्या रक्तानं संपणारा भाग, आणि त्याला जोडून तोच कायदा मोडल्याची गोष्ट. शेवट मात्र ते शापावर करत नाहीत. मागं वळून ३३:२५-२६ वाचतात, जिथं देव म्हणतो, दिवस-रात्रीचा माझा नियम जसा आहे तसा मी याकोबाच्या वंशाला टाकणार नाही. मला ही रीत फार मोलाची वाटते. गुरुवारी आम्हीही तसंच करतो.

दोन ठिकाणी सांभाळा. अनुवाद २८ मध्ये आशीर्वाद १४ वचनांत आटोपतात आणि शाप ५४ वचनं चालतात. त्यांतलं एखादं वचन उचलून कुणाच्या आजाराला लावू नका. आमच्या बैठकीत एका बाईंचा मुलगा डायलिसिसवर होता आणि कुणीतरी त्यांना याच अध्यायाचा दाखला दिला होता. त्यानंतर त्या दोन महिने शास्त्र उघडू शकल्या नाहीत. तो अध्याय अख्ख्या राष्ट्राला, त्याच्या राजांना आणि बलवानांना उद्देशून आहे. एका आईला नाही. यहेज्केल १८ आणि योहान ९ शेजारी ठेवून वाचा. जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. सभास्थानात हे शाप वाचताना आवाज खाली आणायची प्रथा आहे. आपणही आणावा.

दुसरं: 'त्यांनी मोडला, आपण पाळला' असं ख्रिस्ती माणसानं वाचू नये. रोमकरांस ११:२९ मध्ये पौल सांगतो की देवाची दानं आणि पाचारण मागं घेतली जात नाहीत. आणि आपल्याच कोकणातलं उदाहरण घ्या. बेने इस्राएल लोक पिढ्यान् पिढ्या हिब्रू विसरले होते, ग्रंथ जवळ नव्हते. पण 'शमा' ही प्रार्थना (अनुवाद ६:४) तोंडात होती, मुलांची सुंता होत होती, आणि शनिवारी तेलाचा घाणा बंद राहायचा. गावानं त्यांना नावच दिलं, शनिवार तेली. पुस्तक हरवूनही करार पाळला गेला.

मग यिर्मया ३५. रेखाबी लोकांपुढं यिर्मया द्राक्षारसाचे प्याले ठेवतो. ते नाही म्हणतात: आमचा पूर्वज योनादाब यानं सांगितलंय, पिऊ नका, घर बांधू नका, पेरू नका, तंबूत राहा. देव त्या तंबूवाल्यांना दाखवून यहूदाला विचारतो, हे बापाचं ऐकतात, तुम्ही माझं का नाही?

शेवटच्या आठवड्यात यिर्मया ३१:३१-३४. इथं पेन्सिलीनं फक्त 'मी' या शब्दाखाली आणि 'मी'च्या क्रियापदांखाली रेघा मारा: मी करीन, मी घालीन, मी लिहीन, मी क्षमा करीन. 'जर' शोधा. या चार वचनांत एकही नाही. जुनी कलमं रद्द झालेली नाहीत, नियमशास्त्र तेच आहे, फक्त दगडाऐवजी हृदयावर लिहिलं जाणार आहे. यहुदी वाचक याचा अर्थ इस्राएलाच्या पुनर्स्थापनेच्या आशेत लावतात. आम्ही प्रभुभोजनाचा प्याला घेतो तेव्हा लूक २२:२० मधले 'नवा करार' हे शब्द ऐकतो, आणि इब्री लोकांस पत्राचा आठवा अध्याय ही सगळी वचनं पुन्हा लिहून काढतो. इफिसकरांस १:१४ मध्ये पवित्र आत्म्याला मराठी शास्त्रात 'विसार' म्हटलंय. जागेचा व्यवहार ठरल्यावर हातावर ठेवतात तो विसार. पूर्ण रक्कम अजून यायचीय, पण व्यवहार पक्का. हा शब्द निवडणाऱ्या भाषांतरकाराला मी मनातल्या मनात हात जोडतो.

वहीचं मागचं पान कोरं ठेवा. तिथं आपण दिलेले आणि पाळले नाहीत ते शब्द लिहायचे: कुणाला, कधी, काय. माझ्या पानावर पहिली नोंद ऑक्टोबर २०१९ ची आहे. पुढच्या वर्षी मी त्या मूर्तिकाराकडं गेलो. तो शाडूची माती मळत होता. म्हटलं, मालक बोलले तेव्हा मी तिथं होतो, मी ऐकलं होतं, आणि तरी ते वाक्य टाइप केलं. हवं तर साक्षीदार म्हणून लिहून देतो. त्यानं हात धुतले, मला बसायला पाट दिला. 'मला ठाऊक होतं काका,' तो म्हणाला. 'तुमच्या हातचंच पाकीट मी त्या वेळी घेतलं होतं. पैसे फिटले, आता कागद नको.'

आता माझ्या टेबलाशी कुणीही आलं की स्टँप पेपर हातात घ्यायच्या आधी दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवतो आणि विचारतो, तोंडी काय ठरलं होतं ते आधी सांगा. दोघांचं ऐकून होईपर्यंत टाइप करायला घेत नाही.